सल्लागाराचा न नेलेला शर्ट

माझ्याकडे अकरा शर्ट आणि चार पँट आहेत. सगळे लष्करी, सगळे जुने, सगळे दुसऱ्यांचे. कुवेतच्या लढाईच्या वेळी सौदी पलटणींबरोबर जे परदेशी सल्लागार राहत, त्यांनी अंगावर घातलेले हे कपडे आहेत. मी सैन्यात कधी नव्हतो. जेद्दात एका इंग्रजी दैनिकाच्या कॉपी डेस्कवर काम करतो. त्याआधी मुंबईत एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. गाव श्रीवर्धनजवळ.

कपड्याचे वर्णन सोपे आहे. वाळूच्या तीन-चार छटांचे आडवे-तिडवे ओघळ, त्यांवर काळे खडे आणि खड्यांना पांढरी कड. लांबून पाहिले तर माणूस खडकाळ जमिनीत मिसळून जावा, असा हेतू. साध्या सैनिकाचा शर्ट कारखान्यातून येई. सल्लागाराचे तसे नव्हते. तो ज्या पलटणीबरोबर राहील तिच्यासारखाच दिसावा म्हणून पुष्कळ जण इथलेच कापड घेत आणि छावणीबाहेरच्या टेलरकडून शिवून घेत. कारखान्याचा शर्ट मापाचा असतो, टेलरचा शर्ट माणसाचा. एक खांदा उतरता असेल तर शर्टात ते दिसते. पोट सुटलेले असेल तर शेवटच्या दोन बटणांमधले अंतर ते सांगते. माणूस निघून गेल्यावरही त्याचा बांधा कपड्यात राहतो. मी गोळा करतो ते बहुधा हेच.

पहिला शर्ट जेद्दाच्या हराजमध्ये मिळाला. हराज म्हणजे जुन्या सामानाचा बाजार. लढाई संपल्यावर छावण्यांतले सामान गठ्ठ्यांनी विकले गेले, ते हातोहाती फिरत अजूनही कुठून तरी वर येते. एक म्हातारा यमनी विक्रेता दर वेळी छातीवर हात ठेवून सांगे, "खलास, हा शेवटचा." पुढच्या शुक्रवारी त्याच्याकडे आणखी एक असे. लष्करी कपडा अंगात घालून फिरणे इथे गुन्हा आहे. पेटीत ठेवण्याबद्दल मला नेमके कुणी सांगितले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही.

पेटी बेडरूममध्ये, कपाटावर आहे. बायकोचे म्हणणे ठरलेले होते. "लोक सुट्टीवर जाताना गावाला खजूर नेतात, अत्तर नेतात. तुम्ही हे गोणपाट न्या. वर सांगा, धुवायचं नाही हं, किंमत जाते."

धुवायचे नाही, हे तिने बरोबर लक्षात ठेवले होते. धुवायचे नाही, उसवायचे नाही, रफू करायचे नाही. जे जसे आले तसे ठेवायचे, हा या छंदाचा पहिला नियम. दुसरा नियम असा की चांगली वस्तू हाती येईपर्यंत दुसऱ्या संग्राहकापुढे तिच्याबद्दल तोंड उघडायचे नाही.

तीन शर्ट जमल्यावर मला एकाच हाताचे काम ओळखू येऊ लागले. काजे हातशिलाईची, टाके दाट आणि शेवटी दोन आडवे. कॉलरच्या आत लाल दोऱ्याची बारीक फुली. चौथ्या शर्टाच्या आतल्या खिशाच्या अस्तरावर पुसट शिक्का होता: अरबीत दुकानाचे नाव, खाली खमीस मुशैत. गेल्या वर्षी थंडीत चार दिवसांची रजा मिळाली. मी तो चौथा शर्ट पिशवीत घालून बस पकडली.

खमीस मुशैत दक्षिणेच्या डोंगरात आहे. जेद्दाहून बसने अर्धा दिवस लागतो. शेवटच्या घाटात धुके होते आणि रस्त्याच्या कडेला माकडांची टोळी मोटारींकडे पाहत बसली होती. गावाला मोठा लष्करी तळ लागून आहे, त्यामुळे एक अख्खी गल्ली बूट, पट्टे आणि बिल्ले विकणाऱ्यांची. तिथे शिक्का दाखवला. दुकानदार म्हणाला, ते नाव केव्हाच बदलले, पण हिंदी, म्हणजे भारतीय, टेलर तोच आहे, दोन गल्ल्या सोडून.

दुकान जेमतेम दोन मशीन मावतील एवढे. आत एक सत्तरीचे गृहस्थ मोबाइल कानाला लावून मोठ्याने बोलत होते. "बोरिंगला पाणी लागलं काय? किती फूट गेले? मग आधी कशाला सांगितलान त्यानं, लागंल म्हणून?" हे ऐकून मी दारातच थांबलो. रत्नागिरीच्या खाडीकाठची बोली मला कळायला वेळ लागला नाही.

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "क्या चाहिये?"

"चाचा, मी श्रीवर्धनचा."

"म्हंजे पलीकडचाच की! मग उभा काय राहिलास पोलिसासारखा? बस."

मी पिशवीतला शर्ट काढून दिला. त्यांनी समोरून पाहिलाच नाही. सरळ उलटा केला, कॉलर वर केली, फुलीवरून अंगठा फिरवला.

"माझाच. कुठं मिळाला?"

"हराजमध्ये."

"एवढा चांगला शर्ट हराजमध्ये टाकलान मेल्यानं." मग त्यांनी तो हवेत धरला. "हा लांबडा होता. मान अशी पुढं. ह्या लोकांना शर्ट कमरेत घट्ट लागायचा. लढाईला चाललेत का वरातीला, काय समजायचं नाय."

मी विचारत गेलो, ते सांगत गेले. वहीत लिहून घेतले तर त्यांची हरकत नव्हती. त्या हिवाळ्यात तळावर परदेशी माणसे इतकी वाढली की सकाळच्या नमाजानंतर दुकान उघडले की बाहेर रांग. मोठ्या टेलरांकडे मशीने जास्त. यांच्याकडे हात चांगला. सल्लागार यांच्याकडे येत. कोपऱ्यावरून चहा मागवत, तोडक्या अरबीत बोलत. यांची अरबीही तोडकीच, त्यामुळे चांगले जमे. मी यादी करत होतो: कापड कुठून येई, बटणे कुठली, काज हाताने का. दुपारची अजान झाली तेव्हा ते उठले, शटर अर्धे ओढले आणि मशीनमागच्या फळीवरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"तुला कपडे बघायचेत ना? हा बघ. पण हात धुऊन ये."

आत एक शर्ट होता. त्या जातीचा इतका कोरा शर्ट मी पाहिलेला नव्हता. रंग उडालेला नाही, कुठे झिजलेला नाही. छातीच्या खिशांवर दोन पट्ट्या शिवलेल्या, एकीवर सैन्याचे नाव, दुसरीवर माणसाचे आडनाव. आडनाव सात अक्षरांचे. इथे देत नाही. खिशात मापाची चिठ्ठी, त्यांच्या हातची. पाहिल्याबरोबर हा शर्ट मला हवा होता. हे लिहिणे भाग आहे, कारण पुढच्या घटना त्याशिवाय कळणार नाहीत.

"पट्ट्या बघ," ते म्हणाले.

मी पाहिल्या. त्यांची अदलाबदल झाली होती. माणसाचे नाव घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला हवे, सैन्याचे डाव्या. इथे उलटे होते.

"शर्ट टेबलावर पसरला, की त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताला येतो. ही चूक काम शिकणारा करतो. मी बारा वर्षं शिवत होतो तेव्हा. पण त्या दिवशी चाळीस शर्टांच्या पट्ट्या होत्या नि डोळे लागत होते. तो न्यायला आला, बघून हसला. मला म्हणाला, काय नाय, असाच नेतो. मी हातातून ओढून घेतला. म्हटलं, असा नाय देणार. बेस्तरवारी ये, सरळ करून ठेवतो."

"मग गुरुवारी?"

"बेस्तरवारी तो आला नाय. त्याची पलटण बुधवारीच वर सरहद्दीला गेली. त्याच्या अंगात दुसरा शर्ट होता, मीच शिवलेला. त्याला पट्टी नव्हती. लावायची होती."

त्यांनी शर्ट पुन्हा घडीत घातला. टेलर लोकांत एक रीत आहे, ती त्यांनी मला समजावून सांगितली, मला ठाऊक असूनही. गिऱ्हाइकाचा कपडा दुकानात राहिला तर तो अमानत. विकायचा नाही, घालायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. पट्ट्या मग सरळ का केल्या नाहीत, असे मी विचारले.

"कुणासाठी करू? तो आला असता तर त्याच्या समोर केल्या असत्या."

मग ते म्हणाले, "बिननावाचा गेला तो. वर बाँब पडत होते. तिथं पडला असेल नि त्याला कोण म्हणून पुरलान असेल, ह्याचा विचार मी किती केलाय तुला सांगून खोटं वाटेल. मी शर्ट दिला असता त्याच्या हातात, उलट्या पट्टीचा का होईना, तर नाव तरी असतं अंगावर."

मी त्यांना माहिती दिली. सैनिकाच्या गळ्यात साखळी असते, तिच्यात नाव कोरलेले पत्रे असतात. पट्टी नसली तरी ओळख पटते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"असंल. गळ्यातली साखळी मी केली नव्हती. पट्टी मी शिवली होती."

त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि व्हिसा होता तो सौदी माणूस, त्या वर्षी वारला होता आणि मुलांना दुकान चालवायचे नव्हते. दीड महिन्यात फायनल एक्झिट, म्हणजे कायमचे गावाला. अमानत बरोबर न्यायची तर शर्टाच्या मालकाची परवानगी नाही, मागे ठेवायची तर कुणाकडे? त्यांनी ते माझ्यावर सोपवले. "तुम्ही पेपरवाले. माणूस शोधून काढता. तो जिवंत परत गेला का नाय, एवढं सांग मला. मग मी सुटलो. शर्ट त्याचा त्याला, नायतर त्याच्या पोरांना. त्यांना नको असला तर तू ठेव."

मी नावाच्या पट्टीचा फोटो घेतला आणि जेद्दाला परतलो.

इथून पुढे क्रम नीट सांगितला पाहिजे.

संग्राहकांचा एक गट इंटरनेटवर आहे. तिथे जुने सैनिकही आहेत. पट्टीचा फोटो त्या गटात टाकला असता तर दोन दिवसांत उत्तर येण्याची शक्यता होती. मी टाकला नाही. असा कोरा शर्ट खमीस मुशैतमध्ये आहे हे कळले असते तर इतरांनी टेलर चाचांचे दुकान शोधून काढले असते. मी एकट्याने शोध सुरू केला, ड्यूटीतून वेळ काढून. त्यात तीन आठवडे गेले. त्यांच्या हातात होते सहा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अमेरिकेतल्या एका लहान गावच्या वृत्तपत्रात मृत्युवार्ता सापडली. आडनाव तेच. लढाईत सौदी सैन्याबरोबर सल्लागार म्हणून काम केल्याचा उल्लेख. गृहस्थ काही वर्षांपूर्वी घरीच वारले होते, म्हातारपणी, मुलीजवळ. वार्तेखाली शोकसंदेश लिहिण्याची सोय होती. तिथून मी मुलीला पत्र लिहिले. दोन दिवसांत उत्तर आले. हो, वडील खमीस नावाच्या डोंगरी गावात होते, तिथल्या थंडीबद्दल बोलायचे. परत आल्यावर शाळेत शिकवायचे. लढाईबद्दल फारसे काही सांगायचे नाहीत.

हे पुरेसे होते. आज मला तसे वाटते. त्या दिवशी वाटले नाही. शोध घेताना त्याच आडनावाचा दुसरा एक माणूस मला सापडला होता. तोही त्याच लढाईत होता, तो मारला गेला होता. तो सल्लागार होता की नाही, याची नोंद मिळत नव्हती. मी ज्या डेस्कवर वाढलो तिथे मृत्यूची बातमी एका सूत्रावर घेत नाहीत. दोन लागतात, आणि ती एकमेकांपासून वेगळी लागतात. माणूस जिवंत राहिला ही बातमीसुद्धा मृत्यूचीच बातमी, फक्त उलटी. हे मला नवखा असताना शिकवले गेले आणि पुढे मी ते बऱ्याच जणांना शिकवले. मी मुलीला वडिलांचा त्या काळातला फोटो मागितला आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या कुणाचा पत्ता मागितला. तिने लिहिले, फोटो माळ्यावर कुठेतरी आहेत, शोधते. एक जुना सहकारी आहे, त्याला विचारते, पण तो आजारी असतो.

टेलर चाचा दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर फोन करत. त्या शुक्रवारीही केला. मुलीचे पत्र माझ्यासमोर स्क्रीनवर उघडे होते.

"काय रे, कळलं काय?"

"चौकशी चालू आहे, चाचा."

"चालू हाय म्हंजे माणूस हाय काय?"

"नक्की झालं की सांगतो."

"नक्की राहू दे. तुझ्या मनाला काय वाटतं?"

"मनाचं आम्ही छापत नाही."

ते हसले. "बरोबर हाय. मी पण मापाबिगर कधी कात्री लावली नाय. तू तुझं माप घे. मी हाय अजून पंधरा-वीस दिवस."

मग आठवण झाल्यासारखे म्हणाले, "पाणी लागलं हां बोरिंगला. गोडं लागलं." मी मुबारक म्हटले. ते म्हणाले, आता गेल्यावर आधी तेच पिणार. फोन संपला.

या दिवसांतली आणखी एक गोष्ट नोंदवायची आहे. मुलीच्या पहिल्या पत्राला उत्तर लिहिताना मी शर्टाचाही विषय काढला होता. कुटुंबाला तो हवा आहे का, नसल्यास मी तो सांभाळीन, असे सभ्य शब्दांत विचारले होते. तिने लगेच कळवले: आमच्याकडे त्यांचे पुष्कळ सामान आहे, तुम्ही ठेवा, तुमच्याकडे नीट राहील. ते उत्तर मी त्याच दिवशी मान्य केले. घरात पेटीत जागाही केली. बायकोने विचारले, "आता कोण येतंय राहायला?" मी म्हटले, एक चांगला शर्ट आहे. ज्या गोष्टीची मला घाई होती तिला एकच सूत्र पुरले.

त्यानंतरच्या शुक्रवारी फोन आला नाही. मीही केला नाही. सामान बांधत असतील असे वाटले.

सोमवारी दुपारी खमीसहून त्यांच्या रूममेटचा फोन आला. हा त्यांच्याच गावचा, एसी दुरुस्तीचे काम करणारा पन्नाशीचा माणूस. वीसेक वर्षे दोघे एका खोलीत. त्याने सलाम केला आणि म्हणाला, "चाचा गेले." मला वाटले, गावाला गेले. मी म्हटले, तारीख आधीची मिळाली का? तो म्हणाला, "नाही. वारले. काल रात्री छातीत दुखलं. आज दुपारच्या नमाजानंतर दफन झालं."

दुसरे सूत्र बुधवारी आले. आजारी सहकाऱ्याने मुलीला फोनवर सांगितलेले तिने टिपून पाठवले होते, आणि माळ्यावरचा एक फोटो सापडला होता. फोटोत तोच माणूस, तेच कापड, मागे दगडी डोंगर. छातीवर पट्टी नाही. सहकाऱ्याला टेलरची गोष्ट आठवत होती. त्याने सांगितले होते की हा गृहस्थ सरहद्दीवर पुष्कळदा हसून सांगे, खमीसमध्ये एक हिंदी टेलर आहे, त्याने माझा शर्ट माझ्या हातातून हिसकावून घेतला, म्हणाला चुकीचा देणार नाही. एवढा स्वाभिमानी माणूस मी त्या मुलुखात दुसरा पाहिला नाही, असेही तो म्हणे. सगळे जुळत होते. मृत्युवार्तेशी आणि टेलर चाचांनी सांगितलेल्या हकिगतीशी. मेलच्या शेवटी मुलीने विचारले होते, ते टेलर अजून आहेत का? मला त्यांच्याशी बोलायला आवडेल.

मी शुक्रवारचे विमान पकडून गेलो. तिकीट तासाभराच्या उड्डाणाचे होते. हे आधीही मिळाले असते.

रूममेट मला खोलीवर घेऊन गेला. टेलर चाचांची एक बॅग बांधून तयार होती, दुसरी अर्धी भरलेली. गावच्या घरासाठी घेतलेले पाण्याचे नळ वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. ते पाठवायचे की इथेच कुणाला द्यायचे, हे घरच्यांना विचारायचे होते. पलंगाच्या उशाला ती प्लॅस्टिकची पिशवी. दुकान रिकामे केले तेव्हा मशीन, इस्त्री, कात्र्या सगळे दुसऱ्या टेलरला गेले. एवढी एक पिशवी ते हातातून घेऊन आले होते.

"तुमच्यासाठी ठेवलीय," तो म्हणाला. "मला सांगून ठेवलं होतं. पेपरवाला येईल, आधी तो काय सांगतो ते ऐक, मग दे." त्याने पिशवी उचलली नाही. "मग? पोचला का तो माणूस?"

"पोचला."

"घरी?"

"घरी. शाळेत शिकवत होता. म्हातारा होऊन वारला. मुलीजवळ."

तो पलंगाच्या कडेवर बसला. "अल्लाह," म्हणाला. मग विचारले: "कधी कळलं तुम्हाला?"

मी खरे सांगितले. त्याने बोटांवर दिवस मोजले नाहीत, पण मोजले असावेत. उठून चहा ठेवला. चहा देताना सहज म्हणाल्यासारखे म्हणाला, "गेल्या शुक्रवारी फोन हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, लावा की. तर म्हणाले, नको, माणूस माप घेतोय, मधे बोललं की चुकतं."

चहा संपल्यावर त्याने विचारले, "चला, त्यांना सांगून येऊ?"

कबरस्तान गावाबाहेर, एका उतारावर आहे. भिंत, लोखंडी फाटक, आत मातीच्या लांब ओळी. या देशात कबरीवर नाव लिहीत नाहीत. उशाला एक साधा दगड, पायथ्याला एक. राजा असो की मजूर, रीत एकच. मी हे पंधरा वर्षांपासून जाणतो, याबद्दल एकदा लेखही तपासला आहे. तरी फाटकातून आत गेल्यावर मी दगडांवर काही लिहिले आहे का ते पाहत होतो.

शेवटच्या ओळीत चार ताज्या कबरी होत्या. रूममेट पहिल्या दोन सोडून पुढे गेला आणि थांबला. सोमवारी चाचांना आणलं तेव्हा इथे या पहिल्या दोनच होत्या, म्हणाला. त्या दिवशी दोन जनाजे एकदम आले होते, गर्दी होती, त्याने दुसऱ्या बाजूने माती दिली होती. तो तिसऱ्या कबरीकडे गेला, मग चौथीकडे, मग परत तिसरीकडे आला. वाकून दगड पाहिला. सगळे दगड सारखे होते.

"यातली एक," तो म्हणाला. "नक्की सांगता येत नाही."

मी विचारले, कार्यालयात नोंद असेल ना? तो म्हणाला, शुक्रवार आहे, बंद आहे. उद्या विचारू शकता. मी उद्या परतणार होतो. तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. वारा होता आणि त्याने डोक्यावरचा रुमाल एका हाताने धरला होता.

"अहो, बोला. दोघांना ऐकू जाईल असं बोला. दुसऱ्यालाही काही वाईट नाही वाटणार."

मी दोन्ही कबरींच्या मध्ये उभा राहिलो. आधी फातिहा वाचला. मग मराठीत सांगितले: चाचा, तो माणूस मेला नाही. तो घरी गेला. त्याचे नाव घेतले, पूर्ण, आडनावासकट. त्याच्या गावाचे नाव सांगितले. तो तुमची आठवण काढत होता, हेही सांगितले, आणि कुणी सांगितले तेही. माझा आवाज बातमी वाचून दाखवताना असतो तसा होता. मला दुसरा येत नाही.

रूममेट आमीन म्हणाला.

संध्याकाळी त्याने पिशवी दिली. मी ती घेतली. जेद्दात आल्यावर मुलीला लिहिले की शर्ट तुमच्याकडेच पाठवतो आहे, तो तुमचा आहे. टेलरबद्दलच्या तिच्या प्रश्नाचे उत्तर त्याच पत्रात लिहायला घेतले. पहिले वाक्य चार वेळा लिहून खोडले. शेवटी जसे घडले तसे, दिवसांच्या क्रमाने लिहिले, माझा शुक्रवारचा फोनही त्यात घातला, आणि पाठवून दिले.

तिचे उत्तर अजून आलेले नाही.